तेलाची गाडी आणि विजेची गाडी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शहराबाहेर राहणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांच्या घराभोवती पुष्कळदा दोन-चार एकर जमीन असते. तिला शेत म्हणावे तर तिच्यावर कोणाचे पोट चालत नाही, आणि परसू म्हणावे तर ती एका दृष्टिक्षेपात मावत नाही. या जमिनीची कामे मात्र वर्षभर संपत नाहीत. पानगळीच्या दिवसांत पाने गोळा करून दूर नेऊन टाकावयाची, थंडीपूर्वी लाकूडफाटा फोडून घराशी रचावयाचा, कुंपणाचे मोडके खांब बदलावयाचे, कोंबड्यांचे दाणे आणि रोपांचे पाणी वाहावयाचे. हातगाडीने ही कामे करू जाता कंबर धरते, आणि ट्रॅक्टर घ्यावा इतके काम मोठे नसते. यास्तव गोल्फच्या मैदानावर वापरून जुनी झालेली लहान चारचाकी गाडी विकत घेऊन, तिच्या पाठीमागे खेळाच्या पिशव्यांच्या जागी सामानाची पेटी बसवून, तिजकडून घरची ही कामे करून घेण्याचा प्रघात तिकडे पडला आहे. गाडी घ्यावयाची हे ठरले की पुढचा प्रश्न येतो, आणि त्यावरून घराघरांत व शेजाऱ्याशेजाऱ्यांत बराच खल होतो. तो प्रश्न असा की, गाडी पेट्रोलवर चालणारी घ्यावी की विजेवर?

येथे दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. अमेरिकन लोक पेट्रोलास गॅसोलीन व त्याचेही लघुरूप करून ‘गॅस’ म्हणतात. त्यामुळे तेथील जाहिरातींतील ‘गॅसची गाडी’ वाचून आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातील सिलिंडर उभा राहिला तर त्यात त्याचा दोष नाही. दुसरा शब्द गोल्फ. नाशिककरांच्या तोंडी ‘गोल्फ क्लब मैदान’ हे नाव आजही असते, आणि त्या मैदानास हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव मिळूनही जुने नाव सर्वस्वी गेलेले नाही. परंतु ते नाव घेणाऱ्यांपैकी शेकडा एकानेही हा खेळ खेळलेला नसेल. एवढे सांगितले म्हणजे पुरे आहे की, हा खेळ स्कॉटलंडातून आलेला असून त्यात अठरा खळगे पुरे करण्यास खेळाडूला काही मैल चालावे लागते, आणि त्याच्या काठ्यांची जड पिशवी वाहण्याकरिता ‘कॅडी’ नावाचा एक गडी बरोबर लागतो.

पेट्रोल की वीज हा वाद जुना आहे. गोल्फच्या गाडीहून तो जुना आहे, फार काय, मोटारगाडी या वस्तूइतकाच जुना आहे. मोठ्या रस्त्यावर या वादाचा निकाल इ. स. १९२० च्या सुमारास पेट्रोलच्या बाजूने लागला, आणि तो पाऊणशे वर्षांहून अधिक काळ टिकला. परंतु कुंपणाच्या आत तो निकाल कधीच पुरता लागू झाला नाही. असे का व्हावे, याचा इतिहास पाहिला म्हणजे आज एखाद्या गृहस्थाने आपल्या आवारासाठी कोणती गाडी घ्यावी, या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नावरही बराच प्रकाश पडतो.

शिशाच्या पट्ट्या गंधकाम्लात बुडवून वीज साठविण्याची युक्ती फ्रान्समधील गास्ताँ प्लांते याने १८५९ साली शोधून काढली. कामीय फोर याने १८८१ साली तीत सुधारणा करून ती व्यवहारात आणण्याजोगी केली. त्याच वर्षी गुस्ताव्ह त्रुव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखविली. कार्ल बेन्झच्या पेट्रोलच्या तीनचाकीस पेटंट मिळाले ते १८८६ साली, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी. ताशी शंभर किलोमीटरांची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटारगाडीही विजेचीच होती. कामीय जेनात्सी या बेल्जियन गृहस्थाने २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ तिच्यावर ताशी १०५ किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. गाडीचे नाव ‘कधीच समाधानी नसलेली’ अशा अर्थाचे होते. अमेरिकेत १९०० साली तयार झालेल्या ४,१९२ मोटारगाड्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. त्या वर्षी एखाद्या शहाण्या माणसास भविष्य विचारले असते, तर पेट्रोलच्या गाडीवर पैज लावण्यास तो सहसा धजला नसता. ती गाडी धूर ओकी, दुर्गंधी सोडी, थरथरे, आणि सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे. ते हँडल उलटे फिरले की मनगट मोडल्याखेरीज राहत नसे.

असे असता ती जिंकली कशी? या प्रश्नाचे सामान्यतः दिले जाणारे उत्तर स्वस्त तेल आणि हेन्री फोर्ड हे आहे. टेक्सासमध्ये १९०१ साली तेलाचा प्रचंड झरा लागला आणि १९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ निघाली, या दोन गोष्टींचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. १९१२ च्या सुमारास विजेची साधी गाडी १,७५० डॉलरांस पडे, तर पेट्रोलची ६५० डॉलरांस मिळे. परंतु किमतीच्याही मुळाशी एक कारण होते, आणि ते भाड्याच्या गाड्यांच्या हकिकतीत स्पष्ट दिसते. लंडनमध्ये वॉल्टर बर्सी याने १८९७ साली विजेच्या भाड्याच्या गाड्या रस्त्यावर आणल्या. त्यांच्या गुणगुणण्यावरून आणि काळ्या-पिवळ्या रंगावरून लोक त्यांस ‘हमिंगबर्ड’ म्हणत. त्या १८९९ साली बंद पडल्या. न्यूयॉर्कमध्येही १८९७ सालीच अशा गाड्या सुरू झाल्या. तेथे तर गाडी ठाण्यावर आली की रिकाम्या बॅटऱ्यांची जड पेटी यंत्राने काढून भरलेली पेटी बसविण्याची सोय होती. आज ज्या कल्पनेची नवी म्हणून वाखाणणी होते ती सव्वाशे वर्षांपूर्वी चालू होती. हा धंदा वाढविण्यासाठी निघालेली मोठी कंपनी १९०७ साली बुडाली. तिच्या बुडण्यात भांडवलदारांच्या लबाडीचाही वाटा होता. तथापि बॅटरीची अडचण खरी होती. भाडेकरू कोठे जावयास सांगेल याचा नेम नसतो, आणि ठाण्यापासून गाडी किती दूर जाईल हे सकाळी कोणास सांगता येत नाही. पेट्रोलचा डबा मात्र खेड्यातील वाण्याच्या दुकानीही मिळू लागला होता.

तरी घरगुती विजेच्या गाड्या काही वर्षे चांगल्या खपल्या. डेट्रॉइट इलेक्ट्रिक या कंपनीने १९०७ पासून १९३९ पर्यंत त्या बनविल्या. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा फोर्ड ही १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरीत असे. पतीने साऱ्या जगास पेट्रोलच्या गाडीची चटक लावावी आणि पत्नीने स्वतः विजेची गाडी फिरवावी, ही गोष्ट मोठी मौजेची आहे, पण तीत विसंगती काही नाही. बाईंचा प्रवास घरापासून मैत्रिणींच्या घरापर्यंत व परत असा ठरलेला असे, आणि रात्री गाडी घरच्याच कोठारात विजेस जोडून ठेवता येई.

मग १९१२ साली एक विलक्षण घटना घडली. चार्ल्स केटरिंग याने बनविलेला विजेचा स्टार्टर त्या वर्षीच्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला, आणि हँडल मारण्याचा जाच संपला. पेट्रोलच्या गाडीचा सर्वांत मोठा दोष विजेनेच, बॅटरीनेच आणि विजेच्या मोटरनेच दूर केला. विजेच्या गाडीस याहून मोठा आघात दुसऱ्या कोणी केला नाही. शत्रूच्या घरी चाकरीस राहून त्याचेच घर सावरावे, तसे हे झाले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण गोल्फच्या गाडीत ती पुन्हा भेटणार आहे.

मोठ्या रस्त्यावरून हटलेली वीज कोठे गेली? ती कारखान्यांच्या आवारांत, गोदामांत आणि रेल्वेच्या फलाटांवर गेली. इंग्लंडात ती गवळ्याकडे गेली. पहाटे झोपलेल्या वस्तीतून आवाज न करता जावयाचे, दर दहा-वीस पावलांवर थांबावयाचे, दुधाच्या बाटल्या दारात ठेवून पुन्हा निघावयाचे आणि सूर्य वर येण्याच्या सुमारास डेअरीत परतावयाचे, हे काम पेट्रोलच्या यंत्रास मानवत नाही आणि विजेच्या यंत्रास अगदी मानवते. १९६० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये विजेच्या गाड्यांची संख्या जगातील इतर कोणत्याही देशाहून अधिक होती, आणि त्यांतील बहुतेक या दुधाच्या गाड्याच होत्या. ज्या काळी साऱ्या जगास विजेची मोटार म्हणजे पुराणवस्तुसंग्रहालयातील चीज वाटत होती, त्याच काळी लाखो इंग्रज कुटुंबे रोज सकाळी तिने आणलेल्या दुधाचा चहा पीत होती, आणि त्याचे कोणास काही विशेष वाटत नव्हते.

अमेरिकेत विजेस आसरा मिळाला तो गोल्फच्या मैदानावर, आणि तोही आधी अपंगांच्या सोयीसाठी. गोल्फसाठी विजेची पहिली गाडी १९३२ साली मुद्दाम करवून घेतलेली होती असे सांगतात. त्या दशकातील लायमन बीचर नावाच्या संधिवाताने जखडलेल्या एका गृहस्थाची हकिकत या खेळाच्या इतिहासात नोंदलेली आहे. त्यास मैदानावर चालवेना, म्हणून त्याने प्रथम रिक्षासारखी एक गाडी करवून घेतली, ती दोन कॅडी ओढीत. पुढे त्याने विजेची गाडी बनविली. माणसाने ओढलेल्या गाडीतून विजेच्या गाडीकडे गेलेला हा क्रम पुढे आपल्याच प्रांतातील एका गोष्टीशी जोडून पाहावयाचा आहे, म्हणून येथे थोडे थांबून तो सांगितला.

दुसऱ्या महायुद्धाने या गाडीस पुढे ढकलले. डिसेंबर १९४२ पासून अमेरिकेत देशभर पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. त्यातील मुख्य हेतू तेल वाचविण्यापेक्षा टायरांचे रबर वाचविण्याचा होता, कारण रबराचे मळे जपानच्या हाती गेले होते. (आपल्याकडे त्याच काळी मोटारींच्या पाठीशी कोळशाच्या भट्ट्या बांधून त्यांच्या धुरावर गाड्या हाकल्या जात, हे जुन्या पिढीकडून ऐकलेले अनेकांच्या स्मरणात असेल.) कॅलिफोर्नियातील मर्ल विल्यम्स याने त्या टंचाईत विजेच्या लहान गाड्या बनविण्याचा अनुभव मिळविला, आणि १९५१ साली रेडलंड्स येथे त्याच्या ‘मार्केटीअर’ कंपनीने गोल्फची विजेची गाडी विक्रीस काढली. नावावरूनच दिसते की, ही जात मुळात बाजारहाटासाठी जन्मलेली. कॅलिफोर्नियातील वृद्ध मंडळी तीनचाकी विजेच्या गाड्यांत बसून किराणा आणावयास जात; तीच गाडी पुढे मैदानावर गेली. तेव्हा आज गोल्फची गाडी घरकामास लावणारा मनुष्य काही नवे करीत नसून तिला तिच्या मूळ धंद्यावर परत नेत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

या गाडीस साजेशी बॅटरीही त्याच सुमारास झाली. मोटारीतील बॅटरी क्षणभर जोराचा झटका देऊन यंत्र सुरू करण्यापुरती असते. तिला वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर मरते. चार-पाच तास संथपणे वीज देत राहील आणि रात्री पुन्हा भरून घेईल अशी जाड पट्ट्यांची बॅटरी वेगळी बनवावी लागते. ती बनविण्यात कॅलिफोर्नियातीलच ट्रोजन कंपनीने पुढाकार घेतला.

आता या इतिहासाची दुसरी बाजू पाहू. जॉर्जिया संस्थानातील ऑगस्टा शहरात १९५४ साली दोघा डोलन बंधूंनी ‘ई-झी-गो’ या नावाने गाड्या बनविण्यास आरंभ केला. पुढे ह्यूस्टनमध्ये निघालेली ‘क्लब कार’ ही दुसरी मोठी कंपनीही १९६२ साली विकली जाऊन त्याच शहरात आली, आणि ऑगस्टा ही गोल्फच्या गाड्यांची राजधानी होऊन बसली. याच शहरात ऑगस्टा नॅशनल हा जगप्रसिद्ध गोल्फ क्लब आहे. तेथील दरसालच्या मास्टर्स स्पर्धेत १९८२ सालापर्यंत प्रत्येक खेळाडूस क्लबचाच कॅडी घ्यावा लागे, आणि ते कॅडी कृष्णवर्णीय असत. १९८३ पासून खेळाडूंस स्वतःचा कॅडी आणण्याची मुभा मिळाली, आणि त्या जुन्या माणसांपैकी बहुतेकांचे मानाचे काम गेले. देशातील इतर शेकडो क्लबांतून मात्र कॅडी त्याच्या कितीतरी आधीच नाहीसे झाले होते, आणि तेथे त्यांस घालविणारी ही गाडी होती. हिशेब साधा आहे. कॅडीची मजुरी कॅडीच्या खिशात जाते. गाडीचे भाडे क्लबाच्या तिजोरीत पडते. विजेची गाडी चांगली की पेट्रोलची, याविषयी त्या काळच्या जाहिरातींतून जेवढा काथ्याकूट झाला, त्याचा शतांशही या प्रश्नाविषयी झाला नाही. दोन यंत्रांच्या भांडणात तिसरा जो माणूस, तो कोणाच्या लक्षातच आला नाही.

याच गाडीने काही माणसांस हात दिला, हेही त्याच निःपक्षपातीपणाने सांगितले पाहिजे. केसी मार्टिन या व्यवसायी खेळाडूच्या पायात जन्मतः दोष होता. स्पर्धेत गाडी वापरू द्यावी म्हणून तो संघटनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मे २००१ मध्ये सात विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला.

पेट्रोलची गोल्फगाडी आली ती १९५७ साली. मॅक्स वॉकर हा तिचा कर्ता. कारण उघड होते. डोंगराळ मैदानांवर, आणि एकाच दिवशी दोन-दोन डाव झाले तर, त्या वेळच्या बॅटऱ्या संध्याकाळपर्यंत तग धरीत नसत, आणि अर्ध्या मैदानात थांबलेली गाडी ढकलीत आणण्यासारखी फजिती नाही. फटफटीसाठी प्रसिद्ध असलेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीनेही १९६३ पासून १९८२ पर्यंत गोल्फगाड्या बनविल्या, पेट्रोलच्याही आणि विजेच्याही. त्यांच्या पेट्रोलच्या गाडीतील दोन-ठोक्यांचे यंत्र निळसर धूर सोडी व कर्कश वाजे. पुढे इतरांनी चार-ठोक्यांचे शांत यंत्र आणले. या गाडीत एक चातुर्य आहे. गाडी उभी राहिली की यंत्र बंद पडते. पायाखालचा खटका दाबला की विजेची मोटर यंत्रास फिरवून सुरू करते आणि पट्ट्याच्या साहाय्याने गाडी निघते. पुन्हा थांबली की पुन्हा तेच. केटरिंगचा स्टार्टर येथे दिवसातून शेकडो वेळा राबतो. तेव्हा पेट्रोलची गोल्फगाडीही विजेवाचून एक पाऊल टाकू शकत नाही.

क्लब आपल्या गाड्या काही वर्षे वापरून बदलतात. त्या जुन्या गाड्या दलालांकडे येतात, रंगरंगोटी होऊन निम्म्या-पाव किमतीत विकल्या जातात, आणि लोकांच्या आवारांत पोहोचतात. जॉर्जियातील पीचट्री सिटीसारख्या गावात तर या गाड्यांसाठी सुमारे शंभर मैलांचे वेगळे मार्गच आहेत, आणि लोक त्यांतून शाळेला व बाजाराला जातात. कंपन्यांनीही हा कल ओळखून मुद्दाम कामाच्या गाड्या काढल्या. शेतीची अवजारे करणाऱ्या जॉन डिअरने १९९२ साली ‘गेटर’ आणली ती याच पठडीतील.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, आणि त्यात साठलेली शक्ती विजेच्या भाषेत सुमारे नऊ युनिट भरते. गोल्फगाडीतील सहा-सहा व्होल्टांच्या सहा शिशाच्या बॅटऱ्या घेतल्या तर त्यांचे वजन पावणेदोनशे किलोंच्या घरात जाते, आणि त्या सर्वांत मिळून साठते ती आठ युनिटांच्या आसपास. पाऊण किलोस पावणेदोनशे किलो! हे प्रमाण ऐकून विजेचा पक्षपाती खाली मान घालील. परंतु लहान पेट्रोल यंत्र त्या नऊ युनिटांपैकी फार तर पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोहोचविते आणि बाकीची उष्णता होऊन वाया जाते. विजेची मोटर आपल्या वाट्याचा बहुतेक भाग कामी लावते. शिवाय विजेच्या मोटरीचा जोर गाडी उभी असतानाच सर्वांत अधिक असतो. ओल्या लाकडांनी भरलेली पेटी घेऊन जागेवरून हळूहळू निघावयाचे असेल तर तिच्यासारखी दुसरी शक्ती नाही. लांबचा चढ, आणि तोही पुन्हा पुन्हा, आला म्हणजे मात्र बॅटरी पाहता पाहता रिकामी होते, आणि उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीत तर ती मुळातच पुरते बळ देत नाही.

दोघींचे लाडही निरनिराळे आहेत. भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी घरी इन्व्हर्टर बसविला होता, त्यांस बॅटरीत पाणी घालण्याचे काम समजावून सांगावयास नको. गोल्फगाडीत अशा सहा बॅटऱ्या असतात. पाणी आटू द्यावयाचे नाही, भरताना हवा खेळती ठेवावयाची, आणि मुख्य म्हणजे रिकाम्या स्थितीत गाडी आठवडेच्या आठवडे टाकून ठेवावयाची नाही. नाहीतर पट्ट्यांवर क्षाराचा कठीण थर बसून बॅटरी कायमची निकामी होते. चांगली निगा राखूनही चार-सहा वर्षांनी सगळा संच बदलण्याचा मोठा खर्च एकदम अंगावर येतो. पेट्रोलच्या गाडीचा खर्च असा एकदम येत नाही, तो थेंबाथेंबाने येतो: तेल बदला, प्लग पाहा, पट्टा बदला. आणि हिवाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून ती विसरून गेलात, तर वसंत ऋतूत कार्ब्युरेटरमध्ये चिकट राळ साचलेली सापडते. दोहोंपैकी कोणतीही गाडी विसराळू मालकास क्षमा करीत नाही.

हा सर्व विचार करता माझे मत असे झाले आहे की, अश्वशक्तीचे व दराचे तक्ते मांडण्यापूर्वी गृहस्थाने स्वतःस एक साधा प्रश्न विचारावा: माझी गाडी रोज संध्याकाळी त्याच छपराखाली परत येते काय, आणि त्या छपराखाली विजेची जोडणी आहे काय? ज्याच्या कामाची फेरी ठरलेली आहे, ज्याची जमीन बेताच्या चढउताराची आहे आणि ज्याच्या घरी नित्यनेमाने दुरुस्ती पाहणारे कोणी आहे, त्याने गवळ्याचा आणि क्लारा फोर्डचा मार्ग धरावा. ज्याची जमीन लांबच लांब पसरलेली, चढाची, विजेच्या तारेपासून दूर आहे, आणि वादळात झाड पडले म्हणजे दिवस केव्हा संपेल हे ज्यास सांगता येत नाही, त्याने पेट्रोलची घ्यावी आणि शेजाऱ्यांची बोलणी सोसावी. न्यूयॉर्कच्या भाड्याच्या गाड्यांनी जो धडा कंपनी बुडवून घेतला, तो त्यास तेवढ्या खर्चावाचून घेता येतो.

लिथियमच्या बॅटरीने अलीकडे या तराजूचे पारडे बरेच विजेकडे झुकविले आहे. १९९१ साली बाजारात आलेली ही बॅटरी, आणि विशेषतः १९९७ साली जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलेला तिचा लोह-फॉस्फेटाचा प्रकार, वजनाने कितीतरी हलका असून त्यात पाणी घालण्याचे काम नाही. पण तिची पहिली किंमत जबर आहे, आणि छपराचा व जोडणीचा प्रश्न तिनेही सुटत नाही.

आता आपल्याकडे पाहू, कारण याच गाडीची बहीण आपल्या सह्याद्रीवर येऊन पोहोचली आहे. माथेरान हे ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली प्रसिद्धीस आणले, आणि आदमजी पीरभाई यांच्या कुटुंबाने बांधलेली छोटी आगगाडी १९०७ साली तेथे चढली. मोटारीस मात्र तेथे मज्जाव आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून पुढे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षात बसून जावयाचे, ही तेथील रीत. पेट्रोल की वीज हा प्रश्न तेथे मोटारबंदीनेच एका बाजूने मिटविला होता. राहिला होता तो वीज की माणूस एवढाच. तांबड्या मातीच्या चढावर एकाने पुढून ओढावयाचे आणि इतरांनी मागून रेटावयाचे, अशी ती हातरिक्षा. आपल्यापैकी कित्येकांनी तीत बसून थंड हवा खाल्ली आहे, आणि बसताना मनास थोडे लागले तरी उतरताना चार पैसे अधिक देऊन त्याची भरपाई केली आहे. ती ओढणाऱ्यांच्या छातीचे व गुडघ्यांचे काय होते याचा विचार फारसा कोणी केला नाही. तो त्यांनी स्वतःच केला, आणि ई-रिक्षाची मागणी घेऊन ते न्यायालयात गेले. ऑगस्टाच्या कॅडीस गाडी नकोशी होती, कारण ती दुसऱ्याची होती. माथेरानच्या रिक्षावाल्यास ती हवी होती, आणि ती आपली असावी असे त्याचे म्हणणे होते.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली प्रयोगादाखल परवानगी दिली, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात मोजक्या ई-रिक्षा माथेरानच्या रस्त्यावर धावू लागल्या. घोडेवाल्यांचा विरोध झाला, आणि त्यांच्याही पोटाचा प्रश्न असल्यामुळे तो सर्वस्वी गैर म्हणता येत नाही. गाड्या चढावर टिकतील काय, पावसाळ्यात चिखलातून निघतील काय, अशा शंकाही निघाल्या. गोल्फच्या मैदानावर पन्नास-साठ वर्षांपूर्वी निघालेल्या शंकाच या.

अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसास ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातेतील केवडिया येथे भाड्याने ई-रिक्षा देण्याची जी योजना आहे तिच्या धर्तीवर माथेरानातही करावे, खरे हातरिक्षा ओढणारे कोण ते कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालील समितीने निश्चित करावे, गाड्या प्रथम त्यांस मिळाव्यात, आणि उरल्यास आदिवासी स्त्रिया व इतर स्थानिकांस द्याव्यात, असे त्यात सांगितले होते. पैसा नाही ही सबब सरकारास पुढे करता येणार नाही, असेही न्यायालयाने त्याच आदेशात बजावले.